सिस्टर, तुमची वही मी वाचली

सिस्टर, आज संध्याकाळी पाचला तुमची शोकसभा आहे. तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवरच्या त्या लहान हॉलमध्ये. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, म्हणजे तुमच्या सदाशिव पेठेत कुणाच्या दाराची बेल वाजवू नये अशी वेळ. मी इकडे हडपसरला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. सभेत मला बोलायचंय. काय बोलायचं ते ठरलंय, पण तुम्हाला आधी न सांगता बोलले तर ती चहाडी होईल. म्हणून हे.

तुमचा भाचा आनंद तीन दिवसांपूर्वी नाशिकहून परत आला. सगळं त्यानेच केलंय, हॉल, हार, फोटो. फोटो तुमच्या निरोपसमारंभातला आहे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतला. काल मला बाजूला घेऊन म्हणाला, "गव्हाणे मावशी, एक विनंती आहे. ते घराचं आणि पायाचं काही बोलू नका. आत्याला आवडलं नसतं."

त्याचं बरोबर आहे. तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. तुम्ही चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतंत आणि मी वाक्य अर्धवट टाकून ड्रेसिंगची ट्रॉली पुसायला लागले असते. पण हॉलच्या दाराशी फळ्यावर काय लिहिणार आहेत ते ऐका. 'आयुष्यभर रुग्णसेवा केली आणि स्वतः मात्र कुणालाही त्रास न देता गेल्या.' आनंदने मला मजकूर वाचून दाखवला, कसा वाटतो म्हणून विचारलं. मी नुसतं "हं" म्हटलं. सिस्टर, ते खोटं आहे. आणि कागदावर खोटं लिहायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

आठवतंय ना? मी लोणी काळभोरची, उसाच्या फडातून थेट नर्सिंगच्या होस्टेलवर आलेली अठरा वर्षांची मुलगी. तुम्ही पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज, लिमये सिस्टर, ज्यांच्या पावलांचा आवाज ओळखून स्टुडंट मुली टोप्या सरळ करायच्या. शनिवार होता. घरी ताईला बघायला पाहुणे येणार होते आणि मला सहाची बस गाठायची होती. संध्याकाळचं टीपीआर माझ्याकडे होतं, म्हणजे तीस खाटांवरच्या तीस जणांचा ताप, नाडी आणि श्वास मोजून चार्टवर चढवायचा. मी पहिल्या दोघांना थर्मामीटर लावला आणि बाकीच्या अठ्ठावीस जणांना मनानेच आकडे वाटून टाकले. थोडे वर, थोडे खाली केले. अगदीच बावळट नव्हते मी.

तुम्ही एक चार्ट उचललात, दुसरा उचललात. "वा गव्हाणे, वॉर्डातले सगळे एकाच दिवशी बरे झाले की. घरी पाठवू या का यांना? तुलाही पाठवते सोबत."

मग पहिल्या खाटेपासून पुन्हा सुरुवात. तुम्ही शेजारी उभ्या. एकोणीस नंबरला हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक हमाल होता. भिंतीकडे तोंड करून पांघरुणात गप पडलेला. त्याला एकशे तीन ताप निघाला. माझ्या चार्टवर तो अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होता. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही डॉक्टरांना बोलावणं धाडलंत, त्याची जखम उघडून बघितली गेली, सगळं मार्गी लागलं, आणि मग मला म्हणालात, "आकडा लिहिणं म्हणजे मी या माणसाला हात लावला असं सांगणं. हात लावला नसेल तर जागा रिकामी ठेव. रिकामी जागा दिसली की मी विचारीन. खोटा आकडा दिसला की मी पुढच्या खाटेकडे जाईन." माझी बस गेली. ताईला त्या पाहुण्यांनी पसंत केलं आणि मी तिथे नव्हते. पण त्यानंतर पूर्ण नोकरीत मी एक आकडा मनाने लिहिला नाही.

तुमच्या वॉर्डात मी दोन वर्षांत जेवढं शिकले तेवढं पुस्तकांनी शिकवलं नाही. माझी भाषाही तुम्हीच घासूनपुसून घेतलीत. मी "ताप हाय" म्हटलं की तुमची भुवई वर जायची. पण एकदा आमच्याच बाजूचा एक शेतकरी आला होता, साखरेचा आजार, अंगठा काळा पडलेला. महिनाभर धोतराखाली झाकून हिंडत होता. बोट काढायचं म्हटल्यावर खाटेवरून उठून निघालाच. तुम्ही मला पुढे ढकललंत, "माझं ऐकत नाहीये. तू बोल त्याच्याशी, तुमच्या बोलीत." मी म्हटलं, "दादा, बोट गेलं तर चालंल, पाय गेला तर नांगराच्या मागं कोन जाईल?" तो म्हणाला, "लाज वाटली बाई. वास यायला लागला व्हता. पोरीसमोर काय उघडायचं?" तेव्हा तुम्ही त्याच्या पायाशी बसलात, स्वतः पट्टी सोडलीत आणि म्हणालात, "जखमेची लाज डॉक्टरला वाटत नाही, नर्सला वाटत नाही, मग तुम्हालाच कशाला?" तो एका बोटावर सुटला आणि चालत घरी गेला. आज सभेत मी हे सांगणार आहे. यावर तरी आनंदची हरकत नसावी.

हरकत आहे ती पुढच्यावर.

तुम्ही निवृत्त झालात. मग काही वर्षांनी मीही झाले आणि आपला रविवार ठरला. सकाळी दहाला मी फोन करायचा, बारापर्यंत पोचायचं. पेठेत फोन न करता कुणाकडे जाणं म्हणजे चोरीच्या खालोखालचा गुन्हा. मी जवळजवळ पन्नास वर्षं पुण्यात काढून ते इतकं अंगी बाणवलं होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. बघा, आता मी पेठेतल्या माणसांसारखी वागते! तो फोन म्हणजे मी तुम्हाला दोन तास देत होते, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. दोन तासांत तुम्ही बाहेरची खोली आवरायचात. साडी बदलायचात, पायांत मोजे चढवायचात. "गार फरशी सोसत नाही गं." चहा थर्मासमध्ये तयार. मी उठून आत जायला लागले की, "बस खाली. पाहुणी आहेस." स्वयंपाकघराच्या दाराला पडदा. आणि घरभर डेटॉलचा वास.

त्या वासाने मला फसवलं. दुसऱ्या कुणाला तो वास आला असता तर त्याने विचारलं असतं की एवढं काय लपवताय. आपल्या नर्सलोकांना डेटॉलचा वास आला की घर स्वच्छ वाटतं. मी नाक भरून श्वास घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्याकडे आलं की ड्यूटीवर आल्यासारखं वाटतं." तुम्ही हसायचात.

आणि ती वही. निळ्या कव्हरची, शंभर पानी, रेघा आखलेली. डाव्या रकान्यात तारीख, उजव्या रकान्यात उपाशीपोटीची साखर. एकशे अठरा. एकशे बावीस. एकशे सोळा. एकशे चोवीस. दर रविवारी तुम्ही ती माझ्यापुढे करायचात आणि मी पान उलटून म्हणायची, "फर्स्टक्लास!" दिवाळी गेली, संक्रांत गेली, आमरसाचे दिवस गेले, तुमची साखर जागची हलली नाही. खरी साखर अशी वागत नाही, हे मी रोज चार बायकांना सांगत आलेय. पण आकडा लिमये सिस्टरांच्या अक्षरात होता. म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले.

अक्षर मात्र शेवटच्या वर्षात रेघेवरून घसरायला लागलं होतं. मी चेष्टा केली, "हे स्टुडंटचं असतं तर पान टरकावलं असतंत." डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, तुम्हाला साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा दिसतच नाहीये, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून चालायचं. मी म्हणायची, बाई ठेवा, नाहीतर माझ्याकडे या, माझी पुढची खोली रिकामीच आहे. तुम्ही म्हणायचात, "माणसांची अंगं पुसण्यात माझी अडतीस वर्षं गेली. आता माझं अंग कुणी पुसायचं नाही." मी विचारलं, का? तर म्हणालात, "कारण पुसणारा काय विचार करतो ते मला माहितीये." यावर मला उत्तर सुचलं नव्हतं. कारण ते खरं होतं. वॉर्डाच्या मागच्या खोलीत, जिथे भांडी धुतली जायची, तिथे आम्ही मुली नाकाला रुमाल लावून म्हाताऱ्यांबद्दल काय काय बोलायचो ते तुम्ही येता-जाता ऐकलेलं होतं. तुम्ही आम्हाला रागावायचात, पण ऐकलेलं तुमच्या मनात राहिलं आणि पुढे चाळीस वर्षांनी तुम्ही स्वतःला त्या खाटेवर पाहिलंत.

उत्तर मला आता सुचलंय, उशिरा का होईना. सिस्टर, आम्ही बोलायचो आणि पुसायचोही. बोलून झालं की पाणी कोमट करायचो, पाठीला पावडर लावायचो, आणि तो म्हातारा झोपला की कुणाला तरी समाधान वाटायचं. तुम्ही फक्त बोलणं लक्षात ठेवलंत. पुसणं विसरलात. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

आता त्या मंगळवारचं. मी तुमच्याच बाजूला काही खरेदीला आले होते, दुपारी साडेबाराची वेळ, आणि मनात आलं, चढून जावं. दोन जिने चढले. बेल वाजवली. आतून काही सरकल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग दाराआडून तुम्ही विचारलंत, "कोण?"

"मी, गव्हाणे."

"आज नको. फोन करून ये."

"सिस्टर, बरं आहे ना? पाच मिनिटं बसते आणि जाते."

"सांगितलं ना. फोन करून ये."

आवाज वॉर्डातला होता. मी मागे फिरले. जिने उतरताना माझे कान तापले होते. सत्तेचाळीस वर्षांच्या ओळखीनंतर दारातून परत? मी नाक वर केलं. पुढच्या रविवारी मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. म्हटलं, गरज असेल तर त्या करतील. हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे, सिस्टर. फक्त तुमचं नाही सांगणार, माझंही सांगणार.

कारण एकदा माझ्या दारातूनही तुम्हाला परत जाता आलं असतं. माझं दुसरं मूल जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं तेव्हा मी हडपसरच्या त्या दोन खोल्यांत पडून होते. सासूबाई ताट ठेवायच्या आणि उचलून न्यायच्या. अकरा दिवस मी अंगावर पाणी घेतलं नव्हतं. अंगावर दूध सुकलेलं, केसांच्या जटा. तुम्ही बसने आलात. मी सासूबाईंना म्हटलं, सांगा झोपलीय म्हणून. तुम्ही आत आलात, पदर खोचलात, चुलीवर पाणी ठेवायला सांगितलंत. मी म्हटलं, "नको सिस्टर, घाण वास येतोय मला." तुम्ही म्हणालात, "मी विचारत नाहीये." मोरीत पाटावर बसवून तुम्ही मला न्हाऊ घातलंत, आईने घालावं तसं, आणि एका शब्दाने धीर दिला नाहीत. नंतर मेतकूट-भात समोर ठेवलात आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिलात. मी जगले त्या दिवसापासून. हे ऋण मी आयुष्यभर तोंडाने सांगत आले आणि मंगळवारी दुपारी मला ते आठवलं नाही.

तुमच्या खालच्या मजल्यावरच्या करंदीकर वहिनींचा फोन आला तेव्हा दाराशी दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या पडल्या होत्या. सुताराने कुलूप काढलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या होतात, शुद्धीवर. मला पाहून पहिलं वाक्य काय बोललात? "चपला बाहेर काढ." मी चपला काढल्या. मग आत पाहिलं आणि परत घातल्या.

ते स्वयंपाकघर मी सभेत वर्णन करणार नाही. एवढं तुमचं मानते. भांडी, रद्दी, बुरसलेले पाव, मोरीच्या दाराशी रचलेल्या बादल्या. मोरीत तुम्ही कधीतरी पडला होतात आणि तेव्हापासून आत पाऊल टाकलं नव्हतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. वहिनी मागे उभ्या राहून म्हणाल्या, "वास यायचा हो अधूनमधून. पण त्यांना कुणी डोकावलेलं आवडत नाही ना." त्यांना दोष कसा देऊ? त्या निदान खाली राहून गप्प होत्या. मी समोर बसून चहा प्यायचे.

उजवा मोजा कात्रीने कापावा लागला. आत पट्टी होती, तुमच्या हातची, वेढे एकसारखे, गाठ बाहेरच्या बाजूला, परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील अशी. पट्टीखाली पाय घोट्यापर्यंत काळा होता.

हॉस्पिटलमधला तो तरुण डॉक्टर चांगला होता, पण थकलेला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही नर्स होतात ना? एवढं होईपर्यंत दिसलं नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही दिसलं." त्याने सांगितलं, गुडघ्याखाली काढावा लागेल, लगेच. रक्तात विष पसरलंय, किडन्या दमल्यात. दोन महिने आधी आल्या असत्या तर एखाद्या बोटावर भागलं असतं. हे वाक्य तुम्ही स्वतः किती जणांना ऐकवलंत, सिस्टर?

तुम्ही नाही म्हणालात. "एका पायावर कुणाच्या गळ्यात पडू?" मी म्हटलं, माझ्या. तुम्ही तोंड फिरवलंत. मी विचारलं, "मला कळवलं का नाहीत?" तर म्हणालात, "तू आली असतीस."

"मग?"

"रोज आली असतीस. हडपसरहून."

"आलेच असते. त्यात काय?"

"तेच," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटलेत. आपलं भांडण तिथे थांबलं. दोन दिवसांनी तुम्ही कागदावर अंगठा टेकवायला तयार झालात, सही करायला हात उठत नव्हता. पण तोवर तुमचं ब्लडप्रेशर भूल सोसण्याजोगं उरलं नव्हतं. आणखी चार दिवस. त्या चार दिवसांत सहा नर्स, तीन डॉक्टर, दोन आया, एक मी आणि रजा टाकून आलेला आनंद तुमच्याभोवती होतो. तुमचं अंग रोज पुसलं. कुणी नाकाला रुमाल लावला नाही. मी लक्ष ठेवून होते.

कुणालाही त्रास न देता! सिस्टर, रविवारी तासभर त्रास दिला असतात तर तुम्ही आज मला नावं ठेवत बसला असतात.

दहाव्या दिवशी मी आणि आनंद घर आवरत होतो. साखर मोजायचं यंत्र कपाटात सापडलं, त्याच्या वेष्टनात. पट्ट्यांच्या डब्या सील न फोडलेल्या, मुदत कधीच संपलेली. आनंदला कळेना, "मग आत्या वहीत काय लिहायची?" मी त्याला टीपीआरची गोष्ट सांगितली. तो खाली बसला.

मग मी वही पहिल्यांदा नीट वाचली. पान, पान. एकशे अठरा, एकशे बावीस. शेवटच्या भरलेल्या पानावर त्या मंगळवारची तारीख होती. आकडा होता, एकशे वीस. त्याच्यानंतर बुधवार. तारीख लिहिलेली, पुढे काही नाही. गुरुवार. तारीख, पुढे काही नाही. पंधरा दिवस तुम्ही रोज, रेघ सोडून घसरणाऱ्या अक्षरात तारीख घातलीत आणि आकड्याची जागा रिकामी ठेवलीत. मी दारातून परत गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

कुणी म्हणेल, थकल्या असतील, राहून गेलं असेल. मला तसं वाटत नाही. तुमच्या वॉर्डात रिकाम्या जागेचा अर्थ एकच होता. तुम्ही रविवारची वाट बघत होतात. मी येईन, वही उघडीन, विचारीन. आणि मी इकडे नाक वर करून बसले होते.

यासाठी मला माफ करू नका. माफ केलंत तर मी विसरेन.

म्हणून आज मी बोलणार आहे. सभेला आपल्या बॅचच्या, वॉर्डांच्या, पंचवीस-तीस निवृत्त नर्स येतील. सगळ्या साठीच्या पुढच्या, अर्ध्याअधिक एकट्या, आणि सगळ्यांना उत्तरं पाठ. औषध वेळेवर घेतेस का? घेते. जेवतेस का? जेवते. आम्हाला फसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, आणि आम्ही कुणालाही फसवू शकतो. तुमचं नाव खाली आणायला मी बोलत नाहीये. तुमच्या नावाला त्या बायका मान देतात, म्हणूनच तुमचं सांगायचं. चला, साडी नेसते.

*

साडेसात वाजलेत. परत आलेय.

मी बोलले. फळ्यावरचं वाक्य आधी वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे खरं नाही. मग हमाल, शेतकरी, डेटॉल, वही, मंगळवार. आनंद पहिल्या रांगेत मान खाली घालून होता. करंदीकर वहिनी मध्येच उठून गेल्या. मी शेवटी म्हटलं, "लिमये सिस्टरांसारखी नर्स मी पाहिली नाही. आणि त्यांच्यासारखं मरण आपल्यापैकी कुणाला येऊ नये." मी खाली बसले. एक जण मोठ्यांदा म्हणाली, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

चहा आला. माझ्याजवळ कुणी येईना. मग डिसूझा सिस्टर आल्या. तुमच्याच वयाच्या, स्त्रियांच्या वॉर्डच्या इन्चार्ज, त्या हसऱ्या, गोल बांध्याच्या, नाताळात सगळ्यांना केक वाटणाऱ्या. त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला हॉलच्या मागे, जिथे जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या त्या खोलीत नेलं.

"गव्हाणे, दार लाव."

मी लावलं.

"डाव्या छातीत गाठ आहे," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले."

"कुणाला दाखवली?"

"कुणाला नाही. सुनेलासुद्धा नाही. काय असणार ते मला माहितीये ना. मी किती बघितल्यात. मग कशाला उगाच सगळ्यांना..."

कोपऱ्यात बेसिन होतं. मी हात धुतले, एकमेकांवर चोळून गरम केले. त्यांनी ब्लाउजची बटणं काढली. मी गाठ चाचपली, लिंबाएवढी. हलत होती, आत कुठे चिकटलेली नव्हती. बगलेत काही लागलं नाही. हाताला लागलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण हलत होती.

"नातवाची परीक्षा संपली की जाऊ या," त्या म्हणाल्या.

"उद्या," मी म्हटलं. "आठला रिक्षा तुमच्या दाराशी. सुनेला आत्ता फोन लावा, माझ्यासमोर."

त्यांनी लावला. सून पलीकडून रडायला लागली, मग रागावली, मग म्हणाली मीही येते. फोन ठेवून डिसूझा सिस्टर बटणं लावत म्हणाल्या, "लिमये असती तर मला काय ओरडली असती!"

मी म्हटलं, "त्या असत्या तर तुम्ही त्यांना दाखवली नसतीत."

त्या बटण लावता लावता थांबल्या. "नसतीच," म्हणाल्या. "तिच्यासमोर कसली दाखवतेय. तू आज सांगितलंस की तिनेसुद्धा लपवलं, तेव्हा मला तोंड उघडता आलं."

सिस्टर, आनंद माझ्याशी न बोलता नाशिकला निघाला. वहिनी पुन्हा ओळख देतील असं वाटत नाही. तुम्हीही रागावला असाल, आणि तुमचा राग मला सगळ्यात जास्त लागतो. तरी मी हे पुन्हा सांगणार. जिथे चार म्हाताऱ्या बायका बसलेल्या दिसतील तिथे सांगणार, तुमचं नाव घेऊन. उद्या आठला डिसूझा सिस्टरांना घेऊन ओपीडीच्या रांगेत उभी राहणार आहे आणि केसपेपरवर माझाच नंबर लिहिणार आहे, म्हणजे रिपोर्ट आला की पहिला फोन मला येईल.